मधल्या घरचं आवतन

मेडशी
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

धम्मदीपा, माय, आजीचा जय भीम.

सगळ्यात आधी आली गोमतीबाई, हे तुले वेगळं सांगाले नको. फोनवाला अकराले येणार होता, ही नऊलेच दालमिलच्या ओट्यावर येऊन बसली, अन् अंगावर लग्नातलं लुगडं. मी म्हटलं, "काहून वं, फोन लावाले येऊन राह्यले का तुले पाहाले?" तं म्हणते, "फोटो काढतीन ना. मागच्या वेळी माहं अर्धंच तोंड आलं होतं." तिच्यामागून आमच्या बचत गटातल्या बाकीच्या बाया एकेक करून आल्या, अन् ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तो राजपाल आला शेवटी. किन्हीराजाच्या तांड्यावरचा, आमच्या गटातल्या धनीबाईचा जावई. तुमच्या कंपनीचं वाशीमचं काम तोच पाहते. मोटरसायकलीवर एवढं मोठं खोकं बांधून आणलं, अन् पाणी पेल्याबिगर कामाले लागला. माणूस बरा वाटला मले.

त्यानं दोन फोन लावले. एक पुढच्या खोलीत, एक मागं, जिथं आमी डाळ निवडतो तिथं. खांबावरून तार नाई, काई नाई. भिंतीवर एक डबी ठोकली, तिच्यात हिरवे दिवे लुकलुक करतात. म्हणे आवाज इंटरनेटवरून जाईन. पहिले आतल्या आत लावून पाह्यला. मी पुढं, गोमतीबाई मागं. ती विचारते, "हॅलो भागिरथा, जेवली का?" अर्ध्या घंट्यापहिले माह्याच ताटात जेवली होती. पण आवाज असा साफ, जसा मांडीले मांडी लावून बसलो.

मग राजपालनं पुण्याले लावला, तुह्या खानावळीच्या रंजीता मॅडमले. तिले आमची तुरीची डाळ घ्याची हाये, हे तूच जमवलं. घंटी वाजली. तीनदा वाजली अन् थांबली, म्हणजे तिनं उचलला. अन् त्याच्यापुढं काईच नाई. मुका. राजपाल हॅलो हॅलो करून थकला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कोणी म्हणे डाळीची धूळ गेली असन. एकीनं तं फोन उलटा करून आपटला. राजपाल म्हणाला, विचारून येतो, अन् गेला. मग आमी आमच्या कामाले लागलो. विशेष बोलणं काई झालं नाई.

आता माही गोष्ट ऐक. तुह्या कंपनीच्या मॅडमले तूच सांगितलं का पहिला फोन माह्या गावच्या दालमिलीत लावा. तुह्या नोकरीची तीन महिन्यांची परीक्षा मार्चात संपते. फोन असाच मुका राह्यला तं तुले ठेवतीन का घरी धाडतीन, हे मले खरं सांग. अन् चिठ्ठीतच सांग. फोनवर तू "सगळं ठीक हाये आजी" म्हणून ठेवून देते. कागदावर तसं पळता येत नाई. मी तिसरीच शिकली, पण तुहं अक्षर तिरपं झालं का मले समजते.

अन् हे बी सांग, घंटी पोहोचते तं आवाज काहून नाई पोहोचत? एकाच वाटेनं जात असतीन ना दोघं?

तुही आजी,
भागिरथा


पुणे
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

आजी, जय भीम.

खरं विचारलंस, तर खरंच लिहिते. ठेवतील की नाही, मला माहीत नाही. रत्नमाला मॅडमनी आम्हा तिघांना एक काम दिलंय. ३ मार्चला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, इंटरनेटवरचा फोन लागतो कसा. आणि ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही त्यालाही समजलं पाहिजे. तिघांतल्या एकालाच ठेवणार आहेत. मला यंत्र समजतं गं, पण बोलायला उभी राहिले की घसा कोरडा पडतो. म्हणून आधी तुला सांगून पाहते. नाही समजलं तर नाही समजलं असंच लिही.

तू विचारलंस, घंटी आणि आवाज एकाच वाटेनं जातात ना? नाही जात. तीच तर गंमत आहे. फोन जुळवणं हे एक काम, बोलणं नेणं हे दुसरं काम. जुळवण्याच्या कामाला सिग्नलिंग म्हणतात. दोन्हीकडच्या यंत्रांनी कुणी आधी काय म्हणायचं, त्यावर दुसऱ्यानं काय म्हणायचं, याची ठरलेली रीत म्हणजे प्रोटोकॉल. तुमच्या फोनची जी रीत आहे तिचं नाव सिप. आणखीही आहेत, एच तीनशे तेवीस नावाची एक जुनी आहे, तिचा थाट सरकारी अर्जासारखा, रकाने फार. सिपमध्ये साधी वाक्यं असतात.

तुमचा फोन चालू झाला की आधी मधल्या एका मोठ्या कॉम्प्युटरला कळवतो, "मी मेडशीचा फोन, सध्या इथं आहे." असं सगळेच फोन कळवतात, म्हणून कोण कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं. राजपालदादांनी नंबर फिरवला तेव्हा तुमच्या फोननं त्या कॉम्प्युटरकडे निरोप धाडला, "रंजीता मॅडमना बोलवा." तो आधी म्हणाला, "थांबा, बघतो." मग मॅडमच्या फोनकडून उत्तर आलं, "घंटी वाजतेय." त्यांनी उचलल्यावर दुसरं उत्तर आलं, "ठीक, तयार." त्यावर तुमच्या फोननं शेवटचं एक वाक्य म्हटलं, "मिळालं तुमचं उत्तर." हे म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर समोरचा "ठीक, तयार", "ठीक, तयार" करत राहतो आणि शेवटी कंटाळून सोडून देतो. फोन ठेवताना निरोपाचं वाक्य वेगळं.

आवाज या निरोपांच्या मागं मागं जात नाही. तो आपल्या वाटेनं, बहुतेक वेळा थेट, एका फोनकडून दुसऱ्याकडे जातो. कुठं जायचं हे त्याला कसं कळतं? पहिल्या निरोपातच एक चिठ्ठी असते. तिच्यात लिहिलेलं असतं, "माझ्यासाठी आवाज अमुक पत्त्यावर धाडा, आणि मला अमुक अमुक तऱ्हेचा आवाज समजतो." समोरचाही आपली चिठ्ठी उत्तरात धाडतो.

म्हणजे तुमचे निरोप बरोबर गेले, आवाजाची वाट चुकली. कुठं चुकली ते मला अजून सापडलं नाही. रंजीता मॅडम बहिणीकडे गेल्यात, आल्या की विचारीन. तुम्ही फोनजवळ काही बोललात का, तेवढं नीट आठवून लिही.

तुझी,
धम्मदीपा


मेडशी
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

धम्मदीपा, माय, जय भीम.

तुही चिठ्ठी मी निवडणीच्या वेळी सगळ्या बायांले मोठ्यानं वाचून दाखवली. दोनदा. सुपं बाजूले राह्यली. अन् मी तुले सांगतो, मले समजलं. नुसतं समजलं नाई, मले हसू आलं, का ह्या एवढ्याशा गोष्टीले तुमी पुण्यात शिकून राह्यल्या. हे तं आवतन हाये.

आता तू कशी विसरली? कार्याच्या घरून सकाळी माणूस दारोदार जाते, "आज आमच्या घरी जेवाले या." हे झालं तुह्या फोनचं पहिलं वाक्य. घरात म्हातारी असते, ते म्हणते, "थांब बापू, पाहतो, सून वावरात गेली." मग सून येते, म्हणते, "येतो." पण ह्या "येतो"वर कोणी जाते का जेवाले? नाई जात. पंगत बसाच्या वेळी पुन्हा माणूस आला पायजे, "चला, पानं वाढली." ते बोलावणं. बोलावण्याबिगर गेलं तं हावरट म्हणतात, अन् बोलावणं नाई आलं तं घरचे लोक हातपाय धुऊन अंगणात उभे राह्यतात, उभे राह्यतात, अन् मग जे रुसतात ते दोन वर्षं. गोमतीबाईनं विचारलं होतं, "ते शेवटचं 'मिळालं' कायले पायजे? एकदा हो म्हटलं ना." मी म्हटलं, "तुह्या भाचीच्या लग्नात मले बोलावणं आलं नव्हतं, तवा मी आली होती का?" 

अन् ते चिठ्ठीतलं, कोणत्या तऱ्हेचा आवाज समजते, ते बी हाये आपल्याकडं. आवतन देणारा सांगते ना, "घरटी एक" का "चूलबंद". चूलबंद म्हटलं का घरातली चूल पेटवाची नाई, लेकराबाळासकट सगळ्यांनी याचं. दोघांचं आधीच ठरलेलं बरं, नाई तं इकडं पानं पाच अन् तिकडून माणसं पंधरा.

पण चिठ्ठीत पत्ता असते, असं तू लिहिलं, तवा मले आपल्या पुंजाजीच्या पोराचं लग्न आठवलं. तू तवा शाळेत होती. पुंजाजी म्हणजे माहा दीर, आपल्या तीन घरांपैकी मधल्या घरात राह्यते. गल्लीत सगळे त्याले मधलं घरच म्हणतात. पोराच्या सासूच्या, मोतीबाईच्या, माहेरच्या लोकांले किन्हीराजाले आवतन धाडलं. त्यांनी विचारलं, जेवण कुठं? आपल्या माणसानं सांगितलं, "मधल्या घरी." ते "येतो" म्हणाले. सगळं रीतीनं झालं. आता त्या बिचाऱ्यांले मेडशीत काय माहीत? ते आले, अन् विचारत सुटले, मधलं घर कोणतं? वरच्या गल्लीत गेले, तिथं बी एक मधलं घर. खालच्या गल्लीत गेले, तिथं बी मधलं घर, तिथं तं कोणी नवखा माणूस पाह्यल्यावर कुत्रं सोडलं. तीन भाऊ जिथं राह्यतात तिथं मधलं घर असतेच. इकडं आमी पानं मांडून बसलो, अन् ते उपाशी वाशीमच्या बसमंदी बसून वापस गेले. आवतन पोहोचलं, "येतो" पोहोचलं, माणसं नाई पोहोचली. मोतीबाई अजून मले ते ऐकवते.

हे मी असंच लिहिलं. मले लिहाले बसलं का थांबता येत नाई.

तू विचारलं, फोनजवळ काय बोललो. मले तं काई आठवत नाई. गोमतीबाई बोलली असन काई तरी. तिचं तोंड तुले माहीत हाये.

परीक्षेची काळजी करू नको. घसा कोरडा पडला तं गिलासभर पाणी पेऊन उभी राह्य. अन् पुढं बसलेल्यांले मेडशीच्या बाया समज.

तुही आजी,
भागिरथा


पुणे
मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

आजी, जय भीम.

आधी वाईट बातमी. रंजीता मॅडम परत आल्या, आणि आल्या त्या तडक रत्नमाला मॅडमकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी फोन उचलला, "हॅलो, हॅलो" म्हणत राहिल्या, आणि पलीकडून त्यांना एक बाई बोलताना ऐकू आली. अगदी स्पष्ट. बाई म्हणत होती, "हिच्या खानावळीत डाळ शिजत नाई, अन् नाव आपल्या डाळीले ठेवते. चूल पेटवता येत नसन तं फोन कायले उचलते?" त्यावर सगळ्या हसल्या, असंही त्यांनी सांगितलं. आता त्यांना ना तुमची डाळ हवी, ना आमचा फोन. रत्नमाला मॅडमनी मला बोलावून एवढंच विचारलं, "गाव तुम्हीच सुचवलं होतं ना?" मी हो म्हटलं. त्या परत आपल्या कॉम्प्युटरकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्रभर मी रडले, हे लिहायचं नव्हतं, पण तू अक्षर पाहून ओळखशीलच.

आता दुसरी बातमी. सकाळी तुझं पत्र आलं. मधल्या घराचं वाचलं आणि मी चहा तसाच टाकून उठले. आजी, मॅडमना तुमचं बोलणं ऐकू आलं. म्हणजे तुमचा आवाज पुण्यापर्यंत नीट आला. त्यांचाच तुमच्याकडे पोहोचला नाही. एकच बाजू मुकी होती. का? त्यांच्या फोननं चिठ्ठीत बाहेरचा, पूर्ण पत्ता लिहिला होता; तुमच्या फोननं लिहिला होता मधल्या घरचा.

भिंतीवरची ती हिरव्या दिव्यांची डबी आहे ना, ती तुमची गल्ली. गल्लीतल्या प्रत्येक फोनला ती एक आतला पत्ता देते. आतल्या आत तो चालतो, म्हणून गोमतीआजीनं मागच्या खोलीतून "जेवली का" विचारलेलं तुला ऐकू आलं. पण तसलेच पत्ते जगातली प्रत्येक डबी आपापल्या घरात वाटते. पुण्याचा फोन तो पत्ता वाचून काय करणार? त्याच्यासाठी गल्लोगल्ली मधलं घर. निरोप मधल्या कॉम्प्युटरमार्फत जात होते, तो दोघांनाही ओळखतो, म्हणून घंटी वाजली. आवाजाला मात्र चिठ्ठीतल्या पत्त्यावर जायचं होतं. तो बिचारा किन्हीराजाच्या पाहुण्यांसारखा फिरला आणि हरवला.

चिठ्ठीत आतला पत्ता न लिहिता डबीचा बाहेरचा पत्ता लिहायला लावायचा, एवढंच काम आहे. राजपालदादांना मी सगळं सांगितलंय, ते शनिवारी येतील. ३ मार्चला मी आवतनच सांगणार आहे. लोक हसले तर हसले.

रंजीता मॅडमचा राग कसा उतरवायचा, हे मात्र सिपमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. गोमतीआजीला दुखवू नकोस, पण फोन लागला की एकदा माफीचे दोन शब्द बोलायला सांगशील?

तुझी,
धम्मदीपा


मेडशी
शनिवार, ८ मार्च २०२५

धम्मदीपा, माय, जय भीम.

परीक्षा झाल्यापासून तुही एक ओळ नाई. समजतं मले. नुसती धडधड कागदावर कशी लिहावी? आता मी सांगतो ते बसून वाच.

फोन बोलला. राजपाल एक तारखेले आला, पाव घंटा त्या डबीशी खुटखुट केली, अन् पुण्याले लावला. रंजीता मॅडमचा "हॅलो" असा आला का गोमतीबाई मागं सरकली. पण त्या हॅलोत गोडवा काई नव्हता. मी गोमतीबाईले खूण केली, बोल, माफी माग. ते फोनजवळ गेली, हात लावला, अन् माह्याकडं पाह्यत म्हणाली, "मी कायले मागू?"

धम्मदीपा, मी तुले खोटं लिहिलं. ते बोलणं गोमतीबाईचं नव्हतं. माहं होतं. तूच एकदा सांगितलं होतं का तुह्या खानावळीची बाई नमुन्याले धाडलेली आपली डाळ कडक हाये म्हणते, शिजतच नाई म्हणते. ते माह्या मनात होतं. फोन मुका हाये समजून मी बोलली, अन् बाया हसल्या तं मले भल्लं बरं वाटलं. मग तुही चिठ्ठी आली, नातीपुढं कसं कबूल करावं, म्हणून गोमतीबाईचं नाव लोटून दिलं. तिनं तुही दुसरी चिठ्ठी ऐकली, त्यात आपलं नाव ऐकलं, अन् सगळ्या बायांपुढं चूप राह्यली. जिचं तोंड मी तुले बारा वेळा सांगितलं, ते चूप राह्यली. त्या दिवशी फोनवर मले हिंमत झाली नाई. राजपालनं "फोन नीट झाला" एवढं सांगून ठेवला.

मग काल, शुक्रवारी, गाडी येऊन दालमिलपुढं थांबली. सगळ्यात आधी उतरला राजपाल, मागून तुही रत्नमाला मॅडम, चष्मेवाली, सडपातळ, अन् तिच्यामागून एक भरल्या अंगाची बाई, तोंड फुगवलेलं. मी ओट्यावर होती. मी आपली सवयीनं म्हणाली, "या बाई, बसा, पाणी घ्या." ते भरली बाई पायरीवरच थांबली. म्हणाली, "हाच तो आवाज."

निवडणीच्या खोलीतल्या बाया सुपं हातात घेऊनच दाराशी आल्या. मी म्हटलं, "होय बाई, मीच. गोमतीबाईचं नाव तुमच्या कानावर आलं असन तं ते पुसून टाका. बोलली मी, चूक माही. आवाज तुमच्याकडं जाते हे माहीत असतं तं बोलली नसती, पण माहीत नव्हतं म्हणून बोलावं, हे बी बरोबर नाई." रंजीता मॅडम पायरीवरून हलली नाई. मी म्हटलं, "आता पाणी पेता का तसंच जाता?" तवा ते बसली. तुह्या मॅडमनंच तिले समजावून आणलं होतं, डाळ अन् फोन एकदा डोळ्यानं पाहाले.

मग मी विचारलं, "डाळ शिजत नाई म्हणता, तं कशी शिजवता?" तिनं सांगितलं, तिच्याकडचा आचारी तूर, मीठ, चिंच सगळं एकदमच टाकते. मी म्हटलं, "बाई, चिंच आधी पडली का कोणतीच डाळ शिजत नाई, मेडशीची असो का दिल्लीची. पहिले डाळ, ते फुटली का मग चिंच." तुही मॅडम हसली. म्हणाली, "यांचाही प्रोटोकॉलच आहे." मी तिथंच चुलीवर डाळ चढवली. रंजीता मॅडमनं दोन वाट्या पेल्या अन् वाटी ठेवता ठेवता म्हणाली, "फोनवर तुम्ही फार कडक बोलता, आजी." मी म्हटलं, "मुक्या फोनवर. बोलत्या फोनवर मी लय गोड हावो." गोमतीबाईनं मागून सांगितलं, "खोटं बोलते." अन् मग सगळ्या हसल्या, रंजीता मॅडम बी. डाळीचं ठरलं. आज तिचा फोन आला, तं गोमतीबाईलेच मागितलं, माहं नाव नाई घेतलं. असू दे.

निघाच्या आधी तुह्या मॅडमनं मले बाजूले घेतलं. म्हणाली, बाकीच्या दोघांनी चांगलं सांगितलं, पण ऐकणारे जांभया देत होते. तुही पाळी आली, तू गिलासभर पाणी पेली, अन् पहिलंच वाक्य म्हणाली, "आमच्या गावात बोलावणं आल्याशिवाय कुणी जेवायला जात नाही." मधल्या घरापर्यंत आली तवा मागच्या रांगेतला हिशोबाचा बाबू बी पुढं सरकला. तिनं मले सरळ विचारलं, "हे सगळं तुमचं की तिचं?" मी म्हटलं, "आवतन माहं हाये. पण त्याच्यात पत्ता चुकला, हे तिनं हेरलं. मी ते लग्न अकरा वर्षं सांगून राह्यली, मले कधी दिसलं नाई का त्याच्यात फोन हाये."

मॅडमनं मान डोलावली. मग म्हणाली, "धम्मदीपा आमच्याकडेच राहील. पण तिला मी आज सांगणार नाही. तिच्या नेमणुकीचा कागद मी इथंच आणते, तुमच्यासमोर देते." हे तुले सांगू नका, असं बी म्हणाली. पण मी एकदा तुह्यापासून लपवलं, त्याचं काय झालं ते तू पाह्यलं. म्हणून लिहून राह्यली. ते देईन तवा तोंडावर नवल आण, एवढं कर.

मी तिले तिथल्या तिथं आवतन दिलं, चूलबंद. कोणाच्या घरी म्हणाली, तं मी मधल्या घरी नाई म्हटलं. मेडशी, बसस्टॉपवरून डाव्या हाताची तिसरी गल्ली, निळं दार, भागिरथा, असं राजपालच्या मोबाईलमंदी लिहून दिलं. ते "येतो" म्हणाली, रंजीता मॅडम बी "येतो" म्हणाली. तुले घेऊनच येतीन. आता पानं वाढल्यावर ओट्यावर उभं राहून बोलावणं देणं तेवढं राह्यलं, ते गोमतीबाईनं मागून घेतलं. लग्नातलं लुगडं नेसून देणार हाये. मी हो म्हटलं.

गुरुवार, २० मार्च, असं सांगून गेल्या. दालमिलच्या दारावर मी खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

तुही आजी,
भागिरथा